पायाळूचा अंगठा

डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "हे बोट वर ढकला."

मी ढकललं. निदान मला वाटलं की मी ढकलतेय. अंगठा नुसता थरथरला. डाव्या अंगठ्याने त्यांचं बोट सहज उचललं होतं. उजव्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, पुन्हा जोर लावला, घाम आला. तो उठला नाही.

मग त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. "एल-फोर एल-फाइव्ह डिस्क प्रोलॅप्स." म्हणजे काय, तर मणक्यांच्या मधे गादीसारखी चकती असते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली माझी चकती मागे सरकली होती आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसली होती. नस दाबली जाते कमरेत, ओरडतो पाय. याला सायटिका म्हणतात. माझा पाय दोन महिने ओरडत होता. आता तो गप्प बसायला लागला होता आणि डॉक्टरांना काळजी त्याचीच होती.

"अंगठ्याची ताकद आणखी गेली तर ऑपरेशन," ते म्हणाले. "तेवढीच राहिली किंवा वाढली, तर नाही. सध्या ट्रॅक्शन, व्यायाम आणि वाट पाहणं. पण तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पाय लुळा पडत चालला, किंवा लघवी अडकली नाहीतर नकळत झाली, किंवा सायकलच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो तो बधिर झाला, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी इथे यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. त्याच दिवशी."

हे मी पहिल्याच पानावर लिहिते आहे. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर नका वाचू, एवढं मात्र लक्षात ठेवा.

उठता उठता ते म्हणाले, "आणि बसणं कमी करा. बसल्यावर चकतीवर दाब वाढतो."

मला हसू आलं, ते का ते सांगते. मी सीताबर्डीतल्या कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत आहे. यातल्या कितीतरी बायका शटर वर गेल्यापासून शटर पडेपर्यंत उभ्या असतात. गिऱ्हाईक असो नसो, उभ्या. बसलेली बाई दिसली की सेठला वाटतं धंदा मंदा दिसतोय. दुकानात बायकांसाठी संडास नसतो. बाहेर जायचं तर विचारावं लागतं, आणि विचारलं की कोणीतरी हसतं. आमच्या पत्रकाचं नाव होतं 'बसू द्या'. ते मीच लिहिलं होतं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह होतं.

आणि आता मलाच बसायची मनाई. संघटनेतल्या मैत्रिणींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "बसू द्यावाली आता झोपू द्या म्हणून राहिली."

*

सुरुवात अशी झाली होती. गाडीच्या पायदानावरून पत्रकांचा गठ्ठा उचलायला वाकले आणि कमरेत चमक निघाली. तिथेच गाडीला धरून उभी राहिले. वाटलं, जाईल. मलम लावलं, शेक घेतला. चमक कमरेतून मांडीत गेली, मांडीतून पोटरीत, पोटरीतून पावलावर. खोकलं की पायात करंट लागायचा.

धंतोलीत गल्लोगल्ली दवाखाने आहेत. तिथल्या एका डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले. त्यांनी एक्स-रे पाहिला, संगणकाचा पडदा पाहिला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मला पाहिलं नाही. पट्टा लिहून दिला, ट्रॅक्शन लिहून दिलं, "वजन उचलू नका" म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीला हात लावला नाही, पायाचा मोजासुद्धा काढायला सांगितला नाही. अंगठा तेव्हाही कमजोर असणार. कोणी पाहिलंच नाही. नीट तपासल्याशिवाय कमरेला ताण द्यायला पाठवणं याला माझ्याकडे एक शब्द आहे, पण हा लेख माझी आईही वाचणार आहे, म्हणून तो लिहीत नाही.

आईचं आणि माझं भांडण वेगळंच होतं.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे समज असा, की कमरेत चमक भरली तर पायाळू माणसाने तिथे पाय लावायचा, चमक जाते. एरवी चुकून कोणाला पाय लागला तर आपण हात जोडतो. पायाळूचा पाय मात्र लोक मागून घेतात. लहानपणी नंदनवनच्या आमच्या घरी लोक यायचे, ओट्यावर पालथे पडायचे. आई माझा उजवा पाय धुवायची. मग मी विचारायचं, "कुठी?" विचारल्याशिवाय पाय लावायचा नाही, असा नियम. ते मागे हात नेऊन दाखवायचे, "इथी." तिथे तीनदा पाय टेकवायचा. हळू. पुष्कळांना बरं वाटायचं. कशाने वाटायचं ते मला आजही सांगता येणार नाही. पालथं पडून थोडा आराम मिळाल्याने असेल.

मोठी झाले, चार पुस्तकं वाचली, सभांना गेले आणि सांगून टाकलं की यापुढे पाय लावणार नाही, ही अंधश्रद्धा आहे. आईला ते अजून लागलेलं आहे. आता माझी कमर गेल्यावर ती म्हणाली, "रामटेकले एक बाई आहे पायाळू. बोलावू काय?"

"माझ्या नसेवर चकती बसली आहे, आई. वरून लाथ बसली तर पाय कायमचा जाईल."

"लाथ कोण म्हणते वं? तू लोकायले लाथा मारत होती काय?"

रामटेकची बाई आली नाही. पण आई माझ्यासोबत रोज ट्रॅक्शनला यायला लागली.

*

अंगठा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फिजिओथेरपी तळघरात होती. हेही मला कळलेलं नाही. ज्यांना पायऱ्या उतरता येत नाहीत त्यांनाच तळघरात कशासाठी पाठवतात? मी ऑटोच्या मागच्या सीटवर आडवी होऊन जायचे. प्रत्येक खड्ड्याला आई ऑटोवाल्याला काहीतरी सुनवायची आणि ऑटोवाला म्हणायचा, "मावशी, रस्ता मी बनवला काय?"

ट्रॅक्शन म्हणजे ओढ. तुम्हाला टेबलावर उताणं झोपवतात आणि गुडघे वाकवून पोटऱ्या एका चौरंगावर ठेवतात. एक पट्टा छातीला, एक कमरेला. छातीचा पट्टा डोक्याकडे बांधलेला, कमरेचा पट्टा पायाकडच्या मशीनला. मशीन हळूहळू ओढतं, थोडा वेळ धरून ठेवतं, सोडतं. पुन्हा ओढतं. मानेचं असेल तर हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टा घालतात. त्या माणसाला बोलता येत नाही. कमरेवाले बोलू शकतात, त्यामुळे तळघरात सगळी बडबड कमरेवाल्यांची.

हातात एक बटण देतात. त्रास झाला तर दाबायचं, मशीन थांबतं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं, "सहन करायचं नाही. दाबायचं." मॅडम चांगल्या होत्या. पण टेबलं चार आणि मॅडम एक. त्या पट्टे बांधायच्या, मशीन लावायच्या, पुढच्या पडद्यामागे जायच्या. "कसं आहे?" असं विचारायच्या आणि "ठीक" ऐकून निघायच्या. त्यांना मी दोष देत नाही. एकाच बाईला चार टेबलं सांभाळायला लावून जो पगार वाचवतो, त्याला देते.

पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं सैल पडलं. अंगठा होता तसाच.

आईने तोपर्यंत बाकावर वाट पाहणाऱ्या सगळ्यांना माझा जन्म आणि माझं पत्रक, दोन्ही सांगून टाकलं होतं. "माही पोरगी पायाळू आहे. हिच्या पायानं किती जणायची चमक गेली. अन् आता पाहा, तोच पाय धोका देऊन राहिला." मी पडद्यामागे पट्ट्यात बांधलेली. उठून तिला गप्प करता येईना.

तेव्हा शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "तुम्ही बसू द्यावाल्या ताई न?"

"हो."

"मग झोपून काहून राहिल्या?"

त्या सुनंदाताई. सीताबर्डीतल्या एका साडीच्या दुकानात पंधरा-वीस वर्षांपासून उभ्या. माझ्या आईपेक्षा थोड्या लहान. त्यांचीही चकती सरकलेली, त्याच जागची. दुकानातून तासाभराची सुट्टी घेऊन मेट्रोने यायच्या, ओढून घ्यायच्या आणि परत जाऊन उभ्या राहायच्या.

"तुमचा कागद वाचला मी," त्या म्हणाल्या. "पूर्ण वाचला. तितक्यात सेठनं पाह्यलं. म्हणे, बसायचं असन तर घरी बस. मी म्हटलं, नाही जी, पुडी बांधायले ठेवला."

"मग?"

"मग काय, पुडी बांधली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धरणंच धरलं. "पाय लावून द्या न एकदा. काय जाते तुमचं?" मी त्यांना मणका, चकती, नस सगळं समजावलं. पत्रकात लिहिते तसंच, मुद्देसूद. त्यांनी ऐकून घेतलं.

"याचा काही उपयोग नसतो, ताई," मी शेवटी म्हणाले.

"अन् मशीनचा होऊन राहिला काय तुमाले?"

मी अंगठ्याकडे पाहिलं.

त्यांना अंगठ्याची गोष्ट आईकडून कळली होती. रोज टेबलावर चढायच्या आधी त्या माझ्या पडद्यात डोकं घालायच्या, अंगठ्यावर आपलं बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "उठला काय जी आज?" जसं काही घरात आळशी पोरगं झोपलेलं आहे. मी जोर लावायचे. "नाही उठत बापा. लाडाचा आहे." साडीच्या घड्या घालून घालून त्यांची बोटं गुळगुळीत झाली होती. धंतोलीतल्या त्या डॉक्टरांनी एकदाही न केलेली तपासणी त्या गमतीत रोज करत होत्या.

*

एके दिवशी संध्याकाळी त्या उशिरा आल्या. पायऱ्या उतरताना भिंत धरून उतरल्या, असं आई नंतर म्हणाली. मी तेव्हा पट्ट्यात होते. आवाज मात्र त्यांचा खूश होता.

"आज मस्त आहे. कालपासून चमकच नाही. पायात ठणका होता तोही गेला. तरी लावून द्या एकदा, पुन्हा येऊ नये म्हणून."

मशीन ओढत होतं. मला वाद घालायचा कंटाळा आला होता. मी म्हणाले, "बरं ताई, उद्या लावते." आणि पुढचा शब्द सवयीने आला, लहानपणी शेकडो वेळा म्हटलेला. "कुठी?"

"कुठी म्हणजे... आता सांगताच नाही येत. सगळं मऊ मऊ वाटते. खुर्चीवर बसली तं खुर्ची समजत नाही. उशीवर बसल्यावानी वाटते."

मशीनने सोडलं. पुन्हा ओढायला लागलं. मला डॉक्टर आठवले. सायकलचं सीट.

"ताई, लघवी झाली का आज?"

"हळू बोला न वं. माणसं आहेत तिकडे."

"झाली का?"

"काल दुपारी झाली असन. त्याचं काही नाही. आमाले सवयच आहे."

हे वाक्य पुन्हा वाचा. मी अनेकदा मनात वाचलं आहे. दुकानात संडास नाही म्हणून ही बाई सकाळी पाणी पीत नाही, दिवसभर धरून ठेवते, घरी जाऊन मोकळी होते. वर्षानुवर्षं. बाकी कोणालाही एवढ्या वेळात लघवी झाली नाही तर तो घाबरून डॉक्टर गाठेल. हिला वाटलं, आज जरा जास्त जमलं. दुखणं थांबलं म्हणून ती देवाचे आभार मानत होती आणि दुखणं थांबलं होतं ते नस मरायला लागली म्हणून.

मी बटण दाबलं. मशीन सैल झालं. मी ओरडले, "मॅडम, सुनंदाताईंना टेबलावर घेऊ नका."

मॅडम धावत आल्या. ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ताबडतोब वर फोन लावला. वर कोणी सहाय्यक डॉक्टर होते. सरांची ओपीडी संपत आली आहे, म्हणाले, पोट साफ नसेल, उद्या सकाळी पहिला नंबर लावून देतो. मॅडमनी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

इकडे सुनंदाताई पर्स उचलत होत्या. "मी उद्या येते न. लग्नसराई आहे, सेठ वाट पाहून राहिला."

"आई," मी म्हणाले, "त्यांचा हात धर. सोडू नको."

आणि मी जाहीर केलं की सुनंदाताईंना मोठे डॉक्टर तपासत नाहीत तोवर मी या टेबलावरून उठणार नाही. आयुष्यात बरीच धरणी दिली. रस्त्यावर, फाटकासमोर, उन्हात. आडवी पडून, छातीला आणि कमरेला पट्टे बांधून, हे पहिलंच.

माझ्यानंतर नंबर असलेले एक काका पडद्यात डोकावले. गळ्यात मानेचा पट्टा. "ओ ताई, आमचा नंबर आहे. तुमचं आंदोलन बाहेर बसून करा."

"बसायची मनाई आहे काका मला."

बाकावर कोणीतरी हसलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनंदाताईंकडे. त्या आईचा हात सोडवायचा प्रयत्न करत होत्या आणि त्यांचं पाऊल जमिनीवर घासत होतं. काकांनीही ते पाहिलं. ते वळले आणि मॅडमना म्हणाले, "मग बोलवा न हो डॉक्टरले खाली. आम्ही काय इथंच म्हातारे होऊ?" मग बाकावरचे सगळेच बोलायला लागले. मानेवालेसुद्धा.

माझा अंगठा तपासणारे मोठे डॉक्टर खाली आले. आधी चिडलेले होते. पडद्यामागे गेले. कापसाचा बोळा फिरवून विचारत होते ते ऐकू येत होतं. "इथे कळतंय? इथे?" आणि सुनंदाताईंचा बारीक आवाज. "नाही. नाही जी. नाही."

बाहेर आले तेव्हा ते चिडलेले नव्हते. "कॉडा इक्वायना," ते मॅडमना म्हणाले. नंतर त्यांनी आम्हालाही सांगितलं. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. लघवी, शौच, बसायची जागा, दोन्ही पाय, सगळ्यांच्या नसा त्यातच. चकतीचा मोठा तुकडा मधोमध सरकून त्या झुपक्यावर बसला होता. तासातासाने नुकसान वाढतं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर लघवीवरचा ताबा कदाचित कधीच परत आला नसता.

त्यांनी कॅथेटर घातला, म्हणजे लघवीच्या जागी नळी. पिशवी भरत गेली. भरतच गेली. सुनंदाताई मान वळवून पाहत होत्या.

"एवढी होती काय?"

"ताई, तुम्हाला कळलं कसं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. रागाने नाही विचारलं.

त्या म्हणाल्या, "कळलं असतं तरी जाणार कुठी होती?"

मी पाच वर्षं पत्रकं लिहिते आहे. इतकं सरळ वाक्य मला अजून लिहिता आलेलं नाही.

*

एमआरआय झाला, सुनंदाताईंचा नवरा खापरखेड्याहून येऊन पोहोचला, आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. तो हातात हेल्मेट धरून उभाच होता, कोणी सांगितलं तरी बसला नाही. आई त्याच्यासाठी चहा घेऊन आली. आम्ही सगळे तिथे अनोळखीच होतो, तरी कोणी घरी गेलं नाही. मानेवाले काकासुद्धा.

"वेळेत आलं," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "पाय वाचतील असं वाटतंय. लघवीचं आज सांगता येणार नाही. नसेला आपण घाई करू शकत नाही."

पाय वाचले. काही दिवसांत त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. कॅथेटर काढून पाहिला, लघवी झाली नाही, परत घालावा लागला. त्या रात्री त्या रडल्या, असं नवऱ्याने सांगितलं. दुकानातून फोन आला होता. सेठने विचारलं होतं, कधीपासून उभी राहशील?

मी त्याच दवाखान्यात रोज ट्रॅक्शनला जात होते. आधी तळघर, मग वर वॉर्डात. तिथे आईने नवीन गोष्ट पसरवली होती, की पायाळूच्या गुणाने बाई वाचली. मला राग आला. खाटेपाशीच मी तिला म्हणाले, "आई, मी पाय लावलाच नाही. विचारलं फक्त."

"मग तेच तं असते पायाळूचं. पयले विचारावं लागते."

पायात गुण असतो हे मी आजही मानत नाही, मरेपर्यंत मानणार नाही. कोणाच्याही दुखऱ्या मणक्यावर कोणाचाही पाय पडू देऊ नका, पायाळू असो की पैलवान. पण आमच्या ओट्यावर पाय लावायच्या आधी विचारायचा नियम होता. दुखणाऱ्याने स्वतःच्या हाताने जागा दाखवायची आणि बाकीच्यांनी तोवर थांबायचं. सुनंदाताईंनी दोन दवाखाने केले होते. त्यांचे फोटो काढले, मशीनने ओढलं, पट्टे विकले. 'कुठे?' असं विचारून उत्तर ऐकून घ्यायला कोणालाच सवड झाली नव्हती. मलाही नव्हती. मी तर त्यांना मुद्दे सांगत होते.

ट्रॅक्शनबद्दल मी डॉक्टरांना सरळच विचारलं, की याने चकती आत जाते का. ते म्हणाले, "नाही जात. काहींना ओढ दिल्यावर दुखणं हलकं होतं, काहींना होत नाही. हलकं झालं की व्यायाम करता येतो, आणि व्यायामाचा फायदा जास्त टिकतो. बहुतेक चकत्या हळूहळू आपोआप आकसतात. आम्ही तोवर तुमच्यावर लक्ष ठेवतो." मग म्हणाले, "ठेवायला पाहिजे." सुनंदाताईंचं ट्रॅक्शनमुळे बिघडलं का, हेही विचारलं. तसं म्हणता येणार नाही, म्हणाले, ते सरकतच होतं. पण रोज टेबलावर घेण्याआधी आता मॅडम तीन प्रश्न विचारतात, मोठ्याने, लघवी हा शब्द उच्चारून. पहिल्यांदा सगळे लाजले. आता मानेवाले काका मॅडमनी विचारायच्या आतच सांगून टाकतात.

तुमच्यापैकी कोणी आज अशाच एखाद्या बाकावर बसला असाल, किंवा बसता येत नाही म्हणून उभे असाल, तर तुम्हीही सांगा. डॉक्टरांनी पाठीला हात लावला नाही तर लावा म्हणा. पायाचा अंगठा तपासा म्हणा. दुखणं अचानक थांबलं आणि त्या जागी बधिरपणा आला, तर पेढे वाटू नका, दवाखाना गाठा. आणि धरून ठेवायची सवय असेल तर ती सवय कोणी लावली, याचाही विचार करा. आमचं नवं पत्रक त्यावरच आहे. ते मी वॉर्डात सुनंदाताईंच्या खाटेशेजारी उभं राहून लिहिलं, त्यांना विचारून विचारून. त्यात उद्गारचिन्ह नाही. त्यांनी एक ठेवू दिलं नाही. "ओरडून काहून राहिली? बोल न नीट," म्हणाल्या. तोपर्यंत त्या मला ताई म्हणायच्या बंद झाल्या होत्या.

*

कॅथेटर दुसऱ्यांदा काढला त्या दिवशी मी आणि आई तिथेच होतो. त्या सकाळपासून पाणी पीत होत्या. पुष्कळ प्यायल्या. इतकं पाणी दिवसाउजेडी कित्येक वर्षांत प्यायले नव्हते, असं म्हणाल्या. मग वॉकर घेऊन बाथरूममध्ये गेल्या. नर्स दारापाशी उभी राहिली. मी भिंतीला टेकून. नवरा खिडकीकडे तोंड करून. शेजारच्या खाटेवरची म्हातारी आणि तिची सूनही बोलायच्या थांबल्या. सगळ्या वॉर्डाला माहीत होतं आत काय चाललंय.

बराच वेळ काहीच नाही. नर्सने आतला नळ थोडा सोडायला सांगितला. नळाचा आवाज आला. मग तो बंद झाला.

आणि मग आवाज आला. तुटक, थांबून थांबून. पण तो नळाचा नव्हता.

म्हातारीने हात जोडले. नवरा खिडकीकडे तोंड करूनच राहिला, त्याचे खांदे हलत होते. आईने डोळ्यांना पदर लावला. मीही रडले, ते लपवायचं काही कारण नाही.

सुनंदाताई बाहेर आल्या. कोणाकडे न पाहता हळूहळू खाटेपर्यंत गेल्या, कडेला टेकल्या, वॉकर बाजूला सारला. थोडा वेळ चादरीवरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"ये इकडे. दाखव."

मी चप्पल काढली, खाटेच्या लोखंडी पट्टीवर पाय ठेवला. त्यांनी अंगठ्यावर बोट ठेवलं. मी जोर लावला. बोट जागेवरून हललं. फार नाही. नखाएवढं.

त्यांनी बोट काढलं नाही. "आई," त्या माझ्या आईला म्हणाल्या, "हे पोरगं उठून राहिलं जी."